दाराआडचा घडा

मी घडा बोलतोय म्हटल्यावर तुम्ही आधी इकडेतिकडे बघाल. खुशाल बघा, मला त्याची सवय आहे. रोज सकाळी आठ जण माझ्याकडे टक लावून बघायचे आणि मी आहे की नाही हे एकमेकांना सांगायचे, अशी दोन वर्षं मी काढली आहेत. सोलापुरात घडे पुष्कळ आहेत. कुणी पाणी भरतं, कुणी ताक ठेवतं, कुणी लग्नात मांडवाखाली रचतं. पण ज्याच्या असण्यानसण्यावर रोज पाठ चालायचा, असा मी एकटाच.

माझा जन्म होटगीचा, १९७१ च्या उन्हाळ्यातला. तळ्यातली माती धोंडप्पा कुंभाराच्या गाढवाने पाठीवर वाहून आणली. धोंडप्पाने ती तुडवली, मळली आणि मला चाकावर घडवलं. त्याचा म्हातारा बाप ओसरीवर बसून "काठ जाड हुतोय, काठ जाड हुतोय" असं सांगत राहिला आणि धोंडप्पाने ते ऐकलं नाही. एकूण माझ्या जन्माला गाढव धरून तिघे लागले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे शास्त्राने त्यातले दोन परस्पर वगळले.

मंगळवारच्या बाजारात मला घेतलं ते सिद्धलिंगप्पा शास्त्रींनी. साठीचे, काटकुळे, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, आणि बोलण्याआधी घसा तीनदा खाकरायची सवय. त्यांनी मला बोटाने वाजवून बघितलं.

"गार पाणी हुतंय बगा ह्यात, बरफावानी," धोंडप्पा म्हणाला.

"पाण्यासाठी नको. शिकवण्यासाठी पाहिजे."

"घड्याला काय शिकवणार तुमी?"

"घड्याला नाही, मुलांना. हा घडा आहे, हे त्यांना कळलं पाहिजे."

धोंडप्पाने शेजारी उभ्या असलेल्या गाढवाकडे बघितलं. "ते तर ह्यालाबी कळतंय की," तो म्हणाला. शास्त्रीजींनी तेव्हा पैसे मोजले, पण पुढे वर्गात त्या गाढवाचा सूड घेतला.

बाळीवेशीजवळच्या एका मठात शास्त्रीजी शिकवत. आठ मुलं धर्माचा अभ्यास करायला राहिली होती. शिकून कुणी स्वामी होणार होता, कुणी गावाकडे जाऊन पूजाविधी चालवणार होता. पण शास्त्रीजींचं म्हणणं असं, की देव कळण्याआधी 'कळणं' म्हणजे काय ते कळलं पाहिजे. एखादी गोष्ट डोळ्यांना दिसते म्हणून कळते. दिसली नाही तर अनुमानाने कळते, म्हणजे धूर दिसला की आग असणार. तेही जमलं नाही तर खरं बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावरून कळते. इथपर्यंत माझीही काही हरकत नव्हती.

भानगड पुढे होती. एखादी गोष्ट 'नाही' हे कसं कळतं? जी नाहीच, ती दिसणार कशी? यावर म्हणे पंडित लोक शेकडो वर्षं भांडत आले आहेत, आणि भांडणात सगळ्यांचं उदाहरण एकच, घडा. दगड नाही, पाटा नाही, घडाच. आम्हा घड्यांनी पंडितांचं काय घोडं मारलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पाठ असा चालायचा. सारवलेल्या जमिनीवर मधोमध मला ठेवायचं. शास्त्रीजी बोट दाखवून म्हणायचे, "अयं घटः." हा घडा आहे. मुलं म्हणायची, "अयं घटः." हे ऐकून मला बरं वाटायचं. मग शास्त्रीजी म्हणायचे, "घट बाहेर." मला उचलून दाराआड न्यायचं. मुलांनी मोकळ्या जमिनीकडे नीट निरखून बघायचं आणि एका सुरात म्हणायचं, "भूतले घटो नास्ति." जमिनीवर घडा नाही. हे ऐकून मला रोज नव्याने राग यायचा.

पहिल्या दिवशी मला बाहेर नेणाऱ्या मुलाने उंबऱ्यावर आपटलं आणि माझ्या काठाचा टवका उडाला. धोंडप्पाच्या बापाची आठवण मला तेव्हा आली; काठ अजून जाड असता तरी चाललं असतं. शास्त्रीजींनी त्या दिवसापासून मला उचलायचं काम एकाकडेच सोपवलं, शरणप्पाकडे.

शरणप्पा वळसंगचा. वय एकोणीस, रुंद खांदे, नांगर धरून घट्ट झालेले तळवे. बाप नव्हता. आई काशम्मा थोडी शेती बघायची आणि महिन्याकाठी पोराला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी धाडायची. आपला मुलगा शिकायला काशीला जाणार, हे तिने तो सोलापूरला यायच्या आधीच वळसंगभर सांगून ठेवलं होतं. शास्त्रीजींचीही तीच इच्छा होती. तीस वर्षं शिकवून त्यांचा एकही विद्यार्थी काशीला गेला नव्हता, आणि हे ते कुणापाशी बोलत नसत, म्हणून सगळ्यांना माहीत होतं.

शरणप्पाला सांगितलेलं काहीही हात लावून बघितल्याशिवाय पटत नसे. एकदा अनुमानाचा पाठ चालला होता. स्वयंपाकघरातून धूर येत होता. शास्त्रीजी म्हणाले, "तिथे अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे." सात जणांनी मान डोलावली. शरणप्पा उठला आणि बघून आला.

"गुरुजी, मल्लव्वा म्हणती धूर हाय पण जाळ न्हाय. गवऱ्या कच्च्या हायत."

"जाळ नसला तरी अग्नी आहे."

"मग भाकरी का झाली न्हाय?"

त्या दिवशी पाठ लवकर संपला.

दुसऱ्या एका दिवशी घड्याची कारणं शिकवायची होती. माती कारण, कुंभार कारण, चाक कारण, चाक फिरवायची काठी कारण. कुंभाराचा बाप कारण नाही. माती आणणारं गाढव तर मुळीच कारण नाही, ते केवळ योगायोगाने तिथे असतं. शास्त्रीजींनी 'गाढव' हा शब्द जरा जोर देऊनच उच्चारला.

"गुरुजी," शरणप्पा म्हणाला, "माती काय चालत आली?"

"गाढवाशिवायही माती आणता येते. बैलगाडीने आणता येते."

"पर ह्या घड्याची गाढवानंच आणली असंल की."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण माझी बनावट तशी नाही. शास्त्रीजींनी घसा तीनदा खाकरला आणि सगळ्यांना आदल्या दिवशीचा पाठ म्हणायला लावलं.

पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. बहात्तरचं ते साल सोलापूरकरांना सांगायला नको. मठाच्या विहिरीत बादली खडखडायला लागली. नळ कधी यायचा, कधी नाही. स्वयंपाकघरात मल्लव्वा होती. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडाने फटकळ, आणि मुलांना वाढताना तिचा हात मात्र सढळ. तिच्याकडे पाणी साठवायला भांडी पुरेनात. ती येता-जाता माझ्याकडे बघायची.

"शास्त्रीजी, एवढा चांगला घडा नुस्ता बघत बसताय. मला द्या की भरून ठिवायला."

"त्यात पाणी भरलं की मुलांचं लक्ष घड्यावर राहणार नाही, पाण्यावर जाईल."

"जाऊ द्या की. ह्या वर्साला लक्ष पाण्यावरच पायजे."

"मल्लव्वा, इथे 'नाही' हे कसं कळतं ते शिकवतात. अवघड विषय आहे."

"पाणी न्हाय हे कळायला मला कुणी काशीला धाडलं नव्हतं," असं म्हणून मल्लव्वा निघून गेली. गावात लोक कळशी घेऊन उन्हात उभे, आणि मी धडधाकट घडा असून कोरडा ठणठणीत. त्या दिवसांत मला खरंच लाज वाटायची.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये काशीहून पंडितजी आले. मूळचे विजापूरकडचे, पण तीस वर्षं काशीत राहिलेले. दरवर्षी ते एकेका गावच्या पाठशाळेत जात, परीक्षा घेत आणि एका मुलाला पुढच्या शिक्षणासाठी काशीला नेत. त्या वर्षी सोलापूरची पाळी होती. काशम्मा आदल्या दिवशीच वळसंगहून एक भलंमोठं गाठोडं घेऊन आली आणि स्वयंपाकघरात मल्लव्वाजवळ बसली. गाठोड्यात कडक भाकरी होत्या. "काशीपतूर पुरतील," ती म्हणाली. मल्लव्वाने विचारलं, "आन् नापास झाला तर?" काशम्मा म्हणाली, "मग वळसंगपतूर खाऊ." पण हे बोलताना ती गाठोड्याची गाठ उगीच सोडून परत बांधत होती.

परीक्षा सुरू झाली. सात मुलांनी पोपटासारखी उत्तरं दिली. पंडितजी जांभया लपवत होते. शेवटी शरणप्पाची पाळी आली.

"अभाव कसा कळतो, हे याला विचारतो," पंडितजी म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "घट बाहेर."

आता इथे जे झालं, त्यात कुणाची चूक धरायची ते तुम्हीच ठरवा. 'घट बाहेर' म्हटल्याबरोबर शरणप्पा सवयीने उठला, मला उचललं आणि दाराआड जाऊन उभा राहिला.

पंडितजी मोकळ्या जमिनीकडे बघत म्हणाले, "शरणप्पा, काय दिसतं?"

दाराआडून आवाज आला, "घडा."

"घट कुठे आहे?"

"हितं हाय की. माझ्यापाशी."

मुलं हसली. पंडितजींनी त्याला आत बोलावलं. तो मला पोटाशी धरून तसाच आत आला.

"घटाचा अभाव तू कधी पाहिला आहेस की नाही?"

शरणप्पाने विचार केला. खोटं बोलणं त्याला जमत नसे. ते शिकायला त्याला सवड मिळाली नव्हती. "न्हाय जी," तो म्हणाला. "जवा जवा घडा नसतो, तवा तवा तो माझ्यापाशी असतो."

आणि ते अगदी खरं होतं. दोन वर्षं सात मुलं मोकळी जमीन बघत होती, आणि शरणप्पा दाराआड मला कवटाळून, माझ्या तोंडाशी तोंड नेऊन, त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता की घडा नाही. त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत यायचा. तो माझ्या पोकळीत घुमायचा म्हणून तसा यायचा, हे शास्त्रीजींच्या लक्षात आलं नव्हतं. हा सगळ्यांत पक्का विद्यार्थी, अशी त्यांची समजूत होती.

पंडितजी शास्त्रीजींकडे वळले. "दोन वर्षं काय शिकवलंत?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शास्त्रीजींनी घसा तीनदा खाकरला आणि मग चौथ्यांदा खाकरला. माझ्या समोर उभा होता तो म्हातारा माणूस, आणि त्याची तीस वर्षं त्या एका वाक्यावर अडकली होती.

"उद्या दुपारी माझी गाडी आहे," पंडितजी म्हणाले. "पाठ म्हणणारे काशीत पुष्कळ आहेत. हा खरं बोलला, म्हणून सकाळी याला परत विचारतो. सांगता आलं तर काशीला. नाहीतर घरी."

संध्याकाळपर्यंत सातही मुलांनी शरणप्पाकडून उत्तर पाठ करून घेतलं. तो म्हणून दाखवायचा आणि शेवटी म्हणायचा, "पर हे मला ठाव न्हाय. तुमाला ठाव हाय." काशम्मा ते ऐकून उठली. तिने गाठोडं भिंतीकडे सरकवलं.

दिवेलागणीच्या आधी वर्गाच्या खोलीत शास्त्रीजी आले. शरणप्पा एकटाच बसला होता. मी जमिनीवर होतो.

"चूक माझी झाली," शास्त्रीजी म्हणाले. "उचलायला बळकट म्हणून तुला धाडत राहिलो. आज तू बस. मी नेतो."

"नगं गुरुजी, तुमची कंबर…"

"बस म्हटलं ना."

त्यांनी मला उचललं. कंबरेतून कळ गेली असणार, कारण त्यांनी दात आवळले. शरणप्पाच्या पोटाशी असताना मला भीती वाटत नसे. शास्त्रीजींच्या बरगड्या टोचत होत्या आणि पकड ढिली होती. उंबरा ओलांडताना मी डोळे मिटून घेतले असते, असते तर. पण आम्ही दोघे दाराआड सुखरूप पोचलो.

"बघितलंस?" शास्त्रीजींनी आत ऐकू जाईल असं विचारलं.

"बगतोय गुरुजी."

"दिसतो का?"

"काय?"

"घटाचा अभाव, दुसरं काय."

शास्त्रीजींनी मला एका बरगडीवरून दुसरीवर सरकवलं. त्यांची पकड आता आणखी ढिली झाली होती, आणि मला माझ्या भवितव्याची काळजी वाटू लागली होती.

"गुरुजी," शेवटी शरणप्पा म्हणाला, "घड्याचं अजून काय कळंना. पर तुमी समोर न्हाय, हे लई जाणवतंय. दोन वर्सं रोज तुमी हितं बसताय. आता जागा तशीच हाय आन् तुमी न्हाय. उद्या काशीला गेलो तर असंच हुईल का वो?"

शास्त्रीजींनी मला छातीशी घट्ट धरलं. त्यांनी मान खाली घातली आणि टप्पकन काहीतरी माझ्या तळाशी पडलं. दोन वर्षांत माझ्यात पडलेलं ते पहिलं पाणी, आणि तेही खारट. पण मी ते सांभाळून ठेवलं.

सकाळी पंडितजींनी तोच प्रश्न विचारला. मला बाहेर नेण्यासाठी आज दुसऱ्या मुलाला उठवलं. काशम्मा आणि मल्लव्वा दारात उभ्या होत्या.

"शरणप्पा, घट नाही, हे कसं कळलं?"

"जी, हितं घडा न्हाय, तसा हत्तीबी न्हाय," शरणप्पा म्हणाला. "पर हत्ती न्हाय हे काय मला जाणवलं न्हाय. मी हत्तीची वाट बगतच नव्हतो. जे आधी मनात असतं, त्याच्या जागंकडं नजर जाती आन् मोकळी परत येती. तवा कळतं न्हाय म्हणून. मनात नसलेलं नसलं तर कुणाला कळतंय?"

पंडितजी सरसावून बसले. "ज्याचा अभाव, त्याचं आधी स्मरण पाहिजे. शास्त्रात हेच म्हटलं आहे."

"म्हटलं असंल की."

"कोणी शिकवलं तुला हे?"

"गुरुजींनी. काल दाराआड जाऊन."

पंडितजींना यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी शास्त्रीजींकडे बघून हात जोडले. काशम्माने पदराने नाक पुसलं आणि गाठोडं उचलून लेकाच्या हातात दिलं. दुपारच्या गाडीने शरणप्पा गेला. जाताना तो शास्त्रीजींच्या पाया पडला, मल्लव्वाच्या पडला, आणि माझ्या काठावरच्या टवक्यावरून बोट फिरवून गेला.

दुसऱ्या दिवशी शास्त्रीजींनी वर्गात मला मांडलं नाही. त्यांनी स्वतः मला स्वयंपाकघरात नेलं आणि मल्लव्वासमोर ठेवलं. मल्लव्वा हातातलं काम टाकून उठली. तिने मला काठोकाठ भरलं. ते पहिलं भरणं कसं वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि शास्त्राकडेही नसावेत.

आता एकोणऐंशी साल चाललंय. माझ्या बुडाशी बारीक झिरपतं, पण मल्लव्वा तिथे मेण लावते. शास्त्रीजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दारात कोण उभं आहे ते त्यांना दिसत नाही. शरणप्पाची पत्रं यायची. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं, की शेवटची परीक्षा झाली, आता याच मठात शिकवायला येतो. ते पत्र मल्लव्वाने शेजारच्या पोस्टमनकडून तीनदा वाचून घेतलं. त्याला दिवाळी होऊन गेली, संक्रांत होऊन गेली.

शास्त्रीजी सकाळी माझ्याशेजारी चटईवर येऊन बसतात. मल्लव्वा तांब्याभर पाणी देते आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगते, "आजबी न्हाय आला."

"'नाही'चे प्रकार असतात, मल्लव्वा," काल शास्त्रीजी म्हणाले. "मेलेलं माणूस नाही, ते एक 'नाही'. आणि अजून यायचंय म्हणून नाही, ते निराळं. त्याला प्रागभाव म्हणतात. तो कधी सुरू झाला ते सांगता येत नाही, पण तो संपतो."

"कवा?"

"येणारा आला की."

मल्लव्वा माझ्याकडे वळली. तिने तांब्या परत भरला.

शरणप्पा, तू आता मोठा पंडित झाला असशील. मी मातीचा घडा, तुला काय शिकवणार? पण तुझ्या गुरुजींची पासष्टीनंतरची वर्षं भराभर चालली आहेत, एवढं मला त्यांच्या हाताच्या कापऱ्यावरून कळतं. लवकर ये. आणि येशील तेव्हा दिसेल असं धरून दारात नुसता उभा राहू नकोस. त्यांना दिसत नाही. तोंडाने सांग, "गुरुजी, मी आलोय."